वाजायला हवा असा फोन

आमच्या घरात फोनवरून दोन पक्ष होते. एका पक्षात माझा नवरा, दुसऱ्यात माझा धाकटा भाऊ. भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. सोलापूरला आला की जेवायला बसण्याआधी खिशातला महागडा फोन काढून टेबलावर ठेवायचा, आणि नवरा आपला साधा फोन मुद्दाम त्याला खेटून ठेवायचा. मग ताटं येईपर्यंत दोघांची जुंपायची. "दाजी, तुमच्या फोनात कुणीपण घुसतंय," भाऊ म्हणायचा. "आणि तुझ्यात तुझी कंपनी तुलाच घुसू देत न्हाय," हे म्हणायचे. सासरे भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "दोगांचे बी फोन चार्जिंगलाच लावत्यात की." तिथं विषय संपायचा.

मला या भांडणाचं हसू यायचं. माझं माहेर मोहोळचं, मी शाळेत मराठी शिकवते, आणि फोन म्हणजे माझ्या लेखी निरोपाचं साधन. त्या कंपन्यांची नावं मी इथं लिहिणार नाही. त्यांची नावं घ्यायला जगात माणसं कमी नाहीत. मी आपली एकीला महागडी आणि दुसरीला साधी म्हणते, ओळखायचं तो ओळखतो.

मुलगी सहावीत गेली त्या वर्षी हे हसू संपलं. ती घटाघटा पाणी प्यायला लागली, जेवूनही वाळत गेली, आणि एकदा शाळेतून तिला उचलूनच आणावं लागलं. दवाखान्यात टाइप वन मधुमेह सांगितला. म्हणजे शरीराला लागणारं इन्सुलिन तिच्या अंगात तयारच होत नाही. प्रत्येक जेवणाआधी सुई, तीही जन्मभर. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. "एवढीशी पोर, तिला कशी काय शुगर? गोड लई खात आसंल," असं एकीनं माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत सांगितलं. मी कप तिच्या हातातून काढून घेतला नाही, एवढीच माझी सभ्यता.

आम्हाला वाटायचं की वाढलेली शुगर म्हणजे संकट. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, वाढलेली हळूहळू त्रास देते, उतरलेली तिथल्या तिथे. सुई घेतली आणि जेवण कमी पडलं, किंवा पोर जरा जास्त पळाली, की शुगर खाली येते. घाम सुटतो, बोलणं बरळल्यासारखं होतं, शुद्ध जाते. वेळेवर गोड पोटात गेलं तर पाच-दहा मिनिटांत खेळायला लागते. गेलं नाही तर, असं म्हणून ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मग ते बटण आलं. दंडाला चिकटवायचं, नाण्याएवढं, पांढरं. ते कातडीखालची शुगर मोजतं आणि फोनला कळवतं. शुगर उतरायला लागली की फोन मोठ्यानं वाजतो, फार चढली तरी वाजतो, आणि तिचा फोन इंटरनेटवरून माझ्या फोनला सांगतो, म्हणजे मी वर्गात फळ्यापाशी असले तरी मला कळतं. आकड्याशेजारी एक बाण दिसतो. बाण खाली म्हणजे धावा. माझी पोर आणि ते अधुरं वाक्य, यांच्यामध्ये एवढाच आधार होता, की फोन वाजेल.

आणि फोन वाजला नाही.

तिच्यासाठी पहिला फोन आम्ही नवी पेठेतून घेतला, अर्थात नवऱ्याच्या पक्षाचा. दुकानदारानं तो हातात असा नाचवून दाखवला. "घ्या की वैनी, दोन दिवस चार्जिंगकडं बघायचं काम न्हाय." मला काय कळणार. दोन दिवस चार्जिंग म्हणजे चांगलंच की. शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिच्या बाईंचा फोन आला, की मुलगी प्रार्थनेच्या रांगेत थरथरतेय आणि विचारलेल्याला भलतंच उत्तर देतेय. बाई शहाण्या, त्यांनी स्वतःच्या डब्यातली साखर तिच्या तोंडात घातली. मी पोचले तेव्हा ती पायरीवर बसली होती आणि फोन तिच्या दप्तरात गाढ झोपला होता.

झोपला होता हे अक्षरशः खरं. जे अ‍ॅप समोर उघडं नाही, ते हा फोन बॅटरी वाचवायला गुपचूप बंद करून टाकायचा. त्याची ती दोन दिवसांची मिजास अशी कमावलेली होती. मी सेटिंगमध्ये जाऊन 'याला झोपवू नको' असं बजावून आले. चार दिवस ऐकलं त्यानं, पाचव्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या. आणि गंमत अशी, की त्याच फोनवर रमी खेळा, घरबसल्या कर्ज घ्या, असले निरोप रात्रंदिवस टुणटुणत यायचे. त्यांना कधी झोप लागली नाही.

त्या दिवसापासून मी वाचायला लागले. घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवायचा आणि फोनवर फोनबद्दल वाचायचं. ज्या कंपन्यांच्या नादाला मी आयुष्यात लागले नव्हते, त्यांना काय हवंय हे मला कळून घ्यायचं होतं, कारण माझं मूल त्यांच्या खिशात होतं. माणूस सोयरीक जमवताना चौकशी करतो तशी मी चौकशी केली, खाण्यापिण्याची, देण्याघेण्याची, पूर्वीच्या भानगडींची.

साध्या पक्षाचं असं निघालं. फोनच्या आतला कारभार एक कंपनी बनवते आणि ज्याला पाहिजे त्या फोनवाल्याला वापरू देते. इतकं औदार्य बघूनच मला शंका आली. आमच्या सोलापुरात कडक भाकरीबरोबर कांदासुद्धा कुणी फुकट देत नाही. ती कंपनी कमावते जाहिरातींवर, आणि जाहिरात नेमकी लागायला तिला आपण कळावे लागतो. काय शोधतो, कुठं जातो, कशाला घाबरतो. बाहेरचा फोन बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्या एकमेकींशी भांडतात ते पाटीवरच्या गोष्टींवरून, चार्जिंग किती दिवस, कॅमेरे किती, किंमत कुणाची कमी. पोरीच्या दंडावरचं बटण त्यांच्या पाटीवर नाही. त्यांनी माझ्या मुलीचा गजर मुद्दाम बंद केला असं मी म्हणत नाही. त्यांच्या हिशेबात ती नव्हतीच, एवढंच.

त्यात भर म्हणजे माझा स्वतःचा फोनही त्याच पक्षाचा. मी मुलीच्या आजाराबद्दल वाचायला लागले आणि माझ्या फोनला माझी नस सापडली. जाहिराती यायला लागल्या, इन्सुलिन कायमचं सोडा, एक काढा प्या, मूल ठणठणीत. डोळ्यांत पाणी असलेल्या आया, हसणाऱ्या मुली. मी शिकलेली बाई, मला ठाऊक होतं की हे थोतांड आहे. तरी एका दुपारी स्टाफरूममध्ये मी त्यातल्या एकाचा नंबर लावला होता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मला त्या दिवशी ते पटलं. पलीकडून बाई गोड आवाजात 'आई, तुम्ही काळजी करू नका' म्हणाली आणि मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

महागडा पक्ष याच्या उलट. ती कंपनी फोन स्वतः बनवते, आतलंही स्वतःच बनवते, आणि पैसे आपल्याकडून आधीच दणकून घेते. म्हणून 'आम्ही तुमचं गुपित विकत नाही' असं तिला ताठ मानेनं म्हणता येतं. पोट भरलेल्याला उपास सोपा. पण तिचीही मेख आहेच. एकदा तिच्या आवारात शिरलं की बाहेरचा रस्ता सापडू नये अशी सगळी मांडणी. घड्याळ तिचंच घ्या, वायर तिचीच घ्या, नवराबायकोनं, पोरांनी सगळ्यांनी तिच्याकडेच या. तिच्या जाहिरातीत घड्याळानं कुणाचा तरी जीव वाचवलेला असतो, मागे हळू संगीत वाजत असतं. ते मी शेवटपर्यंत बघायचे आणि त्याच क्षणी राग यायचा. साधीवाली माझी भीती दुसऱ्यांना विकत होती आणि महागडीवाली मलाच भीती दाखवून फोन विकत होती. इकडे आड तिकडे विहीर, आणि काठावर मी पोरीचा दंड धरून उभी.

तरीपण वाजण्याचं बघितलं तर महागडा उजवा. त्याच्यावर ते अ‍ॅप झोपत नाही, फोन मुका करून ठेवला तरी शुगरचा गजर वाजतो. भावाला मी कबूल केलं की तुझा पक्ष जिंकला. तो जिंकल्यासारखा काही वागला नाही. पुढच्या खेपेला आला तेव्हा स्वतःचा जुना फोन साफ करून घेऊन आला. "अक्का, हा तिला. आणि कंपनी रोज म्हणेल अपडेट करा अपडेट करा, बटणवाल्यांनी हो म्हटल्याशिवाय करू नको. नाहीतर अ‍ॅप बंद पडतंय." म्हणजे इथंही सुख नव्हतंच. पण दगडापेक्षा वीट मऊ. नवऱ्यानं तो फोन हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि स्वतः उठून चार्जिंगला लावला.

तो फोन मात्र वाजला. देवळात, वर्गात, लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, कुठंही. ठणाठणा वाजायचा, लोक वळून बघायचे, मी धावायचे, ती गोड खायची, पुन्हा सगळं सुरळीत. मला तो आवाज अमृतासारखा वाटायचा. तिचं काय होत होतं याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. वर्गातल्या मुली तिला 'अलार्म' म्हणायला लागल्या होत्या. गणिताच्या पेपरात फोन वाजला तेव्हा सगळा वर्ग हसला, हे तिनं मला जेवताना अगदी सहज सांगितलं. "तू पण हसायचंस," असं मी म्हणाले. "हसले की," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

सासऱ्यांचा या फोनवर फार जीव बसला. आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे चार माग आहेत; आता ते नवरा बघतो, पण सासऱ्यांचा कान अजून तिकडेच असतो. मागाच्या खटखटाटात कुठला धागा तुटला ते त्यांना आवाजावरून कळतं. घरात ते आमच्याशी मराठी बोलतात, चिडले की कानडी, आणि नातीशी दोन्हीची मिसळ. ती त्यांना अज्जा म्हणते, म्हणजे आजोबा, आणि ते तिला लाडानं अव्वा, म्हणजे आई, म्हणतात. चष्म्यातून त्यांना आकडा नीट दिसायचा नाही, पण बाण दिसायचा. "अव्वा, बाण खाली हाय ग," म्हणत सदऱ्याच्या खिशातून गुळाचा खडा काढायचे. तो खिसा कायम चिकट असायचा, आणि मी तो धुताना कधी कुरकुरले नाही.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्याच्याही आदल्या संध्याकाळी माग थांबवतात, तेलाचा ओशटपणा पुसतात, मागाच्या लाकडावर विभूतीची तीन बोटं ओढतात, कुंकू, झेंडूची माळ. आडवा धागा नेणारा धोटा, कात्री, नट आवळायचे पाने, माझी शिलाई मशीन, सगळं मांडलं जातं. नियम एकच. चालत्या यंत्राची पूजा करायची नाही, ते आधी बंद करायचं, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला सकाळी आरती होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याला विसावा. सगळी गल्ली त्या दिवशी अशी गप्प होते की लहान बाळं दचकून उठतात. पोरं आपली पाठ्यपुस्तकंही पूजेत नेऊन ठेवतात, कारण मग कुणी अभ्यास कर म्हणू शकत नाही.

त्या नवमीला मी सकाळपासून चुलीशी होते. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, पुरणाची होळगी, कटाची आमटी. मुलीनं गोडाच्या जेवणाच्या हिशेबानं सुई घेतली. तिचं तीच घेते आता. मग पानावर बसली आणि अर्धी होळगी खाऊन म्हणाली, पोट भरलं. मी म्हटलं, खा गं थोडी अजून. ती म्हणाली, बघते नंतर. पाहुणे होते, वाढणं चालू होतं, मी पुढच्या पंगतीकडे वळले. मनात म्हटलं, उतरली तर वाजेलच.

जेवणं आटोपली, बायका भांड्यांकडे गेल्या, पुरुष माडीवर आडवे झाले. मी भांडी पुसत होते आणि माझा फोन शेजारच्या फळीवर होता. मध्ये मध्ये मी त्याच्याकडे बघत होते. तो गप्प होता. फोन गप्प म्हणजे पोर बरी, हे इतक्या महिन्यांत माझ्या अंगवळणी पडलं होतं. त्या शांततेत मला सुखच वाटत होतं. घरात माग नाही, फोन नाही. सणाच्या दिवशी देवानंच शांतता दिली, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

चहाला उठवायला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. उशी ओली होती. मी खांदा हलवला. हात गार आणि घामानं निथळत होता. हाक मारली. पुन्हा मारली. डोळे अर्धे उघडे होते आणि त्यात मी नव्हते. दात घट्ट आवळलेले. मी ओरडले असेन, कारण माडीवरून सगळे धावत खाली आले. नवऱ्यानं साखर आणली. पाणी पाजायचं नाही, घशात अडकतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढं मला आठवत होतं. गालाच्या आतून बोटानं साखर चोळत होते आणि माझ्या तोंडून एकच चाललं होतं, फोन कुठंय, तिचा फोन कुठंय.

फोन पूजेत होता.

धोट्याच्या आणि कात्रीच्या मध्ये, पाटावर, लाल कापडावर. काळ्या काचेवर विभूतीची तीन बोटं, मध्ये कुंकू, वर झेंडूचं एक फूल. बंद केलेला. सासरे दारात उभे होते आणि त्या पाटाकडेच बघत होते. मी त्यांना आयुष्यात कधी वर मान करून बोललेले नाही. त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर बोलले. "हा फोन कुणी ठेवला? मामा, तुम्हाला कळत नाही? तुमच्या पूजेनं पोर मारली असती माझी." 'असती' म्हणताना मला ठाऊकही नव्हतं की ते 'असती' आहे की 'आहे'.

ते म्हणाले, "म्या ठेवला, पोरी. चुकलं माजं." एवढंच.

बाहेर शेजाऱ्याची रिक्षा उभी होती, धुतलेली, हळदीकुंकू लावलेली, समोर लिंबू-मिरची, हँडलला माळ. तिचीही पूजा झाली होती, म्हणजे तीही उद्यापर्यंत हलायची नव्हती. नवरा पोरीला घेऊन ओट्यावर आला तेव्हा शेजारी हात धुवत होता. त्यानं एकदा बघितलं, माळ ओढून तोडली आणि किक मारली. त्याची बायको दारात आली आणि तिनं तुटलेली माळ बाजूला ओढली. चाकाखालचं लिंबू तसंच चिरडत आम्ही निघालो. रस्ते मोकळे होते. सगळं शहर आपापली हत्यारं पुसून बसलं होतं आणि आमची पोर माझ्या मांडीवर जड होत चालली होती. मी तिच्या कानाशी काय काय बोलत होते ते आठवत नाही. नवरा म्हणतो की मी तिला पाढे म्हणायला लावत होते.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. माझ्या मांडीवर दोन फोन होते. एक कुंकवाचा, एक माझा. तेव्हा मला सुचलं की तिचा फोन बंद पडला तर माझ्या फोनवर 'माहिती येत नाही' असा इशारा यायला हवा होता. मीच ती सोय लावली होती, मुलीसमोर बसून. मी फोन उघडला. इशारा नव्हता. ते अ‍ॅप त्यानं सवयीप्रमाणे निजवून टाकलं होतं. मुलीचा फोन बदलताना माझा बदलायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी तो उघडला तसा वर पट्टीत निरोप आला, दसऱ्याच्या मुहूर्तावर नवीन फोन घ्या, दोन दिवस चार्जिंगची चिंता नाही. मी तो फोन भिंतीवर फेकणार होते. नवऱ्यानं माझं मनगट धरलं.

त्या बाकावर मला पहिल्यांदा कळलं की जाब विचारायला माझ्याकडे कुणीच नाही. महागड्या फोनचा दोष नाही, त्याला बंद केलं तर तो काय वाजणार. साध्याचा दोष आहे, पण त्याची माफी कुणी मागायची? दूर कुठं तरी काचेच्या इमारतीत बसलेल्या माणसानं बॅटरीचा आकडा वाढवला, त्याला शाबासकी मिळाली असेल. हाताशी एकच माणूस होता जो म्हणाला चुकलं माजं, आणि त्याच्यावर मी सगळं ओतून आले होते. तरी मला त्यांची दया येत नव्हती. मला फक्त आतून कुणीतरी येऊन बोलावं असं वाटत होतं, आणि कुणी येत नव्हतं. नवरा 'येतील, येतील' म्हणत होता. मी त्याला गप्प बस म्हणाले.

शेवटी डॉक्टर आले आणि म्हणाले, डोळे उघडलेत, बोलतेय, जा भेटा. त्यांनी अजून एक वाक्य सांगितलं, थोडा उशीर झाला असता तर. हेही त्यांनी पुरं केलं नाही.

ती सलाईनच्या नळीकडे बघत पडली होती. चेहरा पांढराफटक, ओठांना साखरेचे कण. मी कपाळावर हात ठेवला तर म्हणाली, "अज्जा कुटं हाय?" घरी आहे, म्हटलं. "त्यांला बोललीस?" मी तिची चादर नीट केली. तिला उत्तर कळलं.

"अज्जाला काय म्हणू नको की, मम्मी. मीच नेऊन दिला त्यांला फोन. ते नको म्हणत होते. म्हणाले, अव्वा, हे बंद ठिवायचं न्हाय, आई रागावंल. मीच म्हटलं, अज्जा, मागाला सुट्टी, कात्रीला सुट्टी, पुस्तकाला पण सुट्टी. मग मला एक दिवस दे की. त्यांनी लई वेळ धरूनच ठेवला हातात. मग पुसला आणि ठेवला. मला म्हणाले, शुगर जरा पण कमी वाटली तर पळत ये माज्याकडं. मी झोपले मम्मी. किती शांत वाटत होतं. मला कळलंच नाही."

सगळ्यांसमोर मी त्या म्हाताऱ्याला पोरीचा जीव घेणारा ठरवलं, आणि त्यानं नातीचं नाव घेतलं नाही. लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण तिनं मागितलेलं मी तिला कधीच देऊ शकणार नव्हते. तो महागडा फोन असो नाहीतर साधा. दोन्ही कंपन्यांना काय हवंय ते मला तोंडपाठ होतं. पोरीला काय हवंय ते तिनं मला नव्हे, आपल्या अज्जाला सांगितलं होतं.

नवऱ्यानं तिचा फोन रुमालानं पुसला, सुरू केला आणि तिच्या उशाशी ठेवला. दंडावरच्या बटणाला तो सापडायला जरा वेळ लागला. मग तो वाजला, ठणाठणा, आता सलाईनमधल्या ग्लुकोजनं शुगर फार वर चढली होती म्हणून. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली आणि आमच्याकडे बघायला लागली.

मुलीनं डोळे उघडले नाहीत. सुई टोचलेला हात तसाच ठेवून दुसरा माझ्याकडे केला.

"दे इकडं, बंद करते," ती म्हणाली. "लोक बघत्यात."